नाक कुणाचे, निकाल कुणाचा?

जानेवारी महिन्यातील एका रविवारी पाचूबंदरला जाण्याचा योग आला. वसईचा किल्ला मागे टाकून खाडीच्या मुखाकडे निघाले की कोळी बांधवांची ही दाट वस्ती लागते. शेजारी किल्लाबंदर, समोर वसईची खाडी आणि पलीकडे भाईंदर-उत्तनचा किनारा. हिंदू कोळी आणि ख्रिस्ती कोळी येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत. एका मच्छीमार कुटुंबाच्या घराची कागदपत्रे पाहायला मी गेलो होतो. किनाऱ्यावरच्या वलांड्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून रांगेने वाळत होते. खाली जवळा पसरला होता. समोरून वारा आला आणि माझा हात नकळत खिशातल्या रुमालाकडे गेला.

जवळच बसलेल्या एका आजींनी ते पाहिले. त्या रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमाला नुसता वास येतो. आमाला त्याच्यातून माल सुकला का नाय ते कळते."

रुमाल खिशातच राहिला. परंतु परतीच्या वाटेवर मी अस्वस्थ होतो. ज्या समाजाच्या स्पर्शाचा, सावलीचा, ताटवाटीचा विटाळ मानला गेला, त्या समाजात मी जन्मलो. आमच्या वस्तीवरून जाताना नाकाला पदर लावणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. वकिलीची सनद घेऊन, सभांमधून समतेची भाषणे करून, शेवटी कष्टकऱ्यांच्या अंगणात माझाही हात रुमालाकडेच जावा? हा प्रश्न माझ्या एकट्याच्या नाकाचा नाही. माणूस आपल्या भोवतालाला कसा पाहतो, ऐकतो, हुंगतो आणि त्यावरून दुसऱ्या माणसाची किंमत कशी ठरवतो, याचा हा प्रश्न आहे. म्हणून आज त्याविषयी लिहीत आहे.

जागा एक, नकाशे अनेक

या प्रश्नाचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला पर्यावरण मानसशास्त्र म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत ते स्वतंत्र विषय म्हणून पुढे आले. पण त्याची मुळे त्याआधीची आहेत. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच मांडले होते की, माणसाचे वर्तन हे केवळ त्याच्या स्वभावातून निघत नाही. माणूस आणि त्याचा भोवताल या दोघांच्या मेळातून ते घडते. पुढे रॉजर बार्कर यांनी १९४७ पासून कॅन्सस राज्यातील एका छोट्या गावात ठाण मांडून लोकांच्या रोजच्या वागण्याच्या नोंदी केल्या. त्यांना दिसले की एकच मूल शाळेत, दुकानात आणि चर्चमध्ये वेगवेगळे वागते. मूल तेच असते, जागा त्याचे वागणे बदलते. १९६० मध्ये केविन लिंच यांनी बोस्टनसह तीन अमेरिकन शहरांतील रहिवाशांकडून त्यांच्या शहराचे नकाशे काढून घेतले, तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यातले शहर निराळे निघाले.

पाचूबंदरला हे लावून पाहा. सुट्टीच्या दिवशी किल्ला पाहायला येणाऱ्या माणसाच्या नकाशात १५३४ पासूनचे पोर्तुगीज आहेत, १७३९ मधील चिमाजी अप्पांची मोहीम आहे, फोटोला उत्तम अशा पडक्या कमानी आहेत. पाचूबंदर त्याच्या नकाशात 'किल्ल्याच्या पुढची घाण वाटणारी जागा' एवढेच असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. तिच्याने जाणाऱ्या वाहनचालकाच्या नकाशात हा वाचलेल्या वेळेचा किनारा आहे. सरकारी कागदावर तो एक रंगवलेला पट्टा आहे. आणि आजींच्या नकाशात? वारा कुठून येतो, उधाणाचे पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढते, कुठल्या कोपऱ्यात बोंबील लवकर सुकतो, होडी कुठे ओढायची, हे सारे त्यात आहे. चारही नकाशे आपापल्या परीने खरे आहेत. पण मंत्रालयात, महापालिकेत आणि कोर्टात यातला कुठला नकाशा पोहोचतो? जो पोहोचत नाही, त्या नकाशातली माणसे 'अडथळा' ठरतात. हे आपल्याला नवे आहे काय?

गावकूस हीच पहिली शाळा

आपल्या समाजाला हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नाही. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा गावकुसाबाहेर का होते? भिंतीने, वाटेने, पाणवठ्याने माणसाला रोज धडा दिला जात होता: तुझी पायरी ही. मनुस्मृती न वाचलेल्या पोरालाही कुठल्या विहिरीकडे जायचे नाही, हे बरोबर कळत असे. गावाची रचना हाच त्याला शिकवलेला कायदा होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो कठोर प्रहार केला, त्याचे मर्म हेच होते. बाहेरून निसर्गरम्य दिसणारे खेडे आतल्या माणसाच्या मनाचे काय करते, हे त्यांना ठाऊक होते.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. त्या पाण्यात जनावरे तोंड घालत होती, तेव्हा ते कुणाला घाण वाटले नाही. माणसाने ओंजळ भरली आणि तेच पाणी बाटले! मग शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून त्याचे 'शुद्धीकरण' झाले. पाण्यात काहीही बदलले नव्हते. बदल पाहणाऱ्याच्या डोक्यात होता. पुढे प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. बहिष्काराची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. मनातला विटाळ पुराव्यापुढे टिकला नाही, हा त्या निकालाचा वकिलाने लक्षात ठेवावा असा धडा आहे.

आता विज्ञान काय म्हणते पाहा. २००५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काही लोकांना एकच वास दिला. कधी तो 'चेडार चीज' या नावाने दिला, कधी 'अंगाचा घाम' या अर्थाच्या नावाने. वास तोच; पण चीजचे नाव दिसले तेव्हा लोकांनी तो सुखद ठरवला आणि घामाचे नाव दिसले तेव्हा नकोसा ठरवला. एवढेच नव्हे, मेंदूच्या तपासणीतही त्या दोन नावांना मिळणारा प्रतिसाद वेगळा दिसला. याचा अर्थ, आपण नाकाने हुंगतो पण निकाल डोक्यातल्या शब्दाने देतो. युरोपातले मुरलेले चीज महागड्या हॉटेलात 'चव' ठरते आणि कोळणीच्या टोपलीतला सुका बोंबील लोकलच्या डब्यात 'घाण' ठरतो. हा फरक नाकाचा नाही. टोपली कुणाच्या डोक्यावर आहे, याचा तो फरक आहे.

सवय म्हणजे सुटका नव्हे

एवढे लिहून थांबलो तर तो अर्धाच न्याय होईल. पाचूबंदरला मी जे पाहिले त्यात केवळ वाळणारी मासळी नव्हती. किनाऱ्याला प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, जुन्या जाळ्यांचे तुकडे होते. खाडीतून आणि भरतीतून येणारा कचरा काही एकट्या पाचूबंदरचा नव्हे. वरच्या सगळ्या शहरांचा तो प्रसाद आहे. तरीही मी एका तरुणाला त्याविषयी विचारले तेव्हा त्याने आश्चर्याने विचारले, "कुठला कचरा?" त्याला तो दिसतच नव्हता. रोज समोर असलेली गोष्ट मेंदू गाळून टाकतो. पहिल्या दिवशी असह्य वाटणारी दुर्गंधी महिन्याभरात जाणवेनाशी होते. मासळीचा वास आणि सडलेल्या गटाराचा वास यात फरक आहे. पहिला रोजगाराचा आहे, दुसरा रोगाचा. "आम्हांला सवय झाली आहे" हे वाक्य दोन्हींना सारखेच लावले जाते, आणि तिथेच घात होतो.

माझे बालपण रेल्वे रुळांलगतच्या वस्तीत गेले. शाळेमागून गाडी गेली की गुरुजी फळ्यापाशी खडू धरून थांबत, गाडी गेल्यावर पुढचा शब्द बोलत. आम्हांला त्यात काही विशेष वाटत नसे. पुढे मी आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांच्या अभ्यासाविषयी वाचले. १९७५ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कमधल्या, उन्नत रेल्वेमार्गाला खेटून असलेल्या एका शाळेची पाहणी केली. रुळांच्या बाजूच्या वर्गातील मुले त्याच शाळेच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती; वरच्या इयत्तेत तर हा फरक जवळजवळ वर्षाचा होता. नंतर रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या, वर्गाच्या छताला आवाज शोषणारे आवरण केले. १९८१ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंची मुले वाचनात सारखी होती.

वाचकहो, या निष्कर्षाचा अर्थ नीट लक्षात घ्या. मुलांची बुद्धी कमी नव्हती. वर्गाची खिडकी चुकीच्या बाजूला होती. आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेवर जात, संस्कार, आळस असे किती शेरे मारले गेले! त्या शेरेबहाद्दरांपैकी किती जणांनी खिडकीबाहेर काय आहे ते पाहिले? सवय झाल्याने तक्रार थांबते. इजा थांबत नाही. व्यवस्थेला मात्र तक्रार थांबलेली पुरते.

हिरवळ ही चैन आहे असाही एक समज आपल्यात आहे. 'आधी भाकरी, मग झाडे' असे आपणच म्हणतो. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हानियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची एकच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी लावल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. म्हणजे झाड दिसणे हाही आरोग्याचा भाग आहे. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा लढा दिला, तो म्हणूनच मोलाचा. पण येथे एक प्रश्न चळवळीच्या माणसाने विचारलाच पाहिजे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून नालासोपारा-विरारच्या चाळीत आलेल्या कामगाराच्या, आपल्या बौद्ध बांधवाच्या खिडकीतून काय दिसते? हिरवाई वाचवताना तो गर्दी म्हणून मोजला जातो आणि इमारत बांधताना गिऱ्हाईक म्हणून. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, मिठागरात राहणारी कुटुंबे अडकली, तेव्हा सगळ्यांना एकदम कळले की पाणी मुरायची जागा हा सगळ्यांचाच प्रश्न आहे. वाडीवाला आणि चाळवाला यांना एकमेकांचे शत्रू ठरवून ज्यांचे भले होते, ते दोघांपैकी कुठेच राहत नाहीत.

बटण कुणाच्या हाती?

या शास्त्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचा आहे. १९७२ च्या त्यांच्या ग्रंथात तो आला आहे. लोकांना अचानक, कर्कश आवाज ऐकवण्यात आला. काहींना एक बटण दिले आणि सांगितले, अगदीच असह्य झाले तर हे दाबा, आवाज बंद होईल. बहुतेकांनी बटण दाबलेच नाही. आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला. पण नंतर कठीण कोडी सोडवायला दिली तेव्हा ज्यांच्या हाती बटण होते ते चिकाटीने झुंजत राहिले; ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांनी लवकर हात टेकले.

हा प्रयोग मला राज्यशास्त्राच्या दहा पुस्तकांइतका वाटतो. माणसाला केवळ आवाज, दुर्गंधी, गर्दी मोडत नाही. आपल्या म्हणण्याने काहीच बदलत नाही, ही जाणीव त्याला मोडते. लोकशाहीत जनसुनावणी, प्रभागाची सभा, हरकती-सूचना मागवणारी नोटीस ही बटणे आहेत. पण बटणाची तार कशालाच जोडलेली नसेल तर? जनसुनावणीची नोटीस कोपऱ्यात छापायची, नकाशा वाचता न येणाऱ्या भाषेत ठेवायचा, सगळे बोलून झाल्यावर आधीच टाइप केलेला अहवाल पाठवायचा, हा प्रकार असह्य आवाजापेक्षा वाईट. लोक एकदा फसतात, दोनदा फसतात, मग येणेच सोडतात. आणि मग साहेब म्हणतात, 'लोकांना पर्यावरणाशी देणेघेणे नाही.'

पाचूबंदरच्या वृद्धांशी बोलताना आणखी एक गोष्ट जाणवली. ते समुद्राविषयी बोलतात तेव्हा घरातल्या बदललेल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतात. पूर्वी येथे वाळू होती, येथे आम्ही खेळायचो, आता पाणी भिंतीला लागते. मे २०२१ मधील तौक्ते वादळाची आठवण निघाली की आवाज उतरतो. ऑस्ट्रेलियातील ग्लेन अल्ब्रेख्त यांनी २००३ मध्ये अशा दुःखासाठी एक नवा शब्द घडवला, सोलॅस्टॅल्जिया. कोळशाच्या उघड्या खाणींनी वेढलेल्या हंटर खोऱ्यातल्या लोकांचे दुःख त्यांनी पाहिले होते. ते लोक कुठेही गेले नव्हते; त्यांचा परिसरच त्यांना सोडून गेला होता. आपल्या मराठीत सांगायचे तर घरात बसून घर हरवणे. याच पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्याला विरोध करणाऱ्या मच्छीमारांना नुकसानभरपाईचे आकडे सांगितले जातात. आकडे हवेतच. पण जाळे टाकण्याची जागा गेली की त्या जागेची माहिती असलेला माणूसही निकामी होतो. त्या माहितीचा दर कुठल्या तक्त्यात आहे?

नाकही साक्षीदार आहे

आता वकील म्हणून चार शब्द. 'वास येतो, आवाज होतो, समुद्र जवळ आला' असे लोक सांगतात तेव्हा त्यांना ऐकवले जाते की ही भावना झाली, पुरावा आणा. हे अर्धसत्य आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ६० आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ५५ काय सांगते? तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्याने द्यावी, ऐकलेल्याची ऐकणाऱ्याने, आणि इतर इंद्रियांनी जाणवलेल्या गोष्टीची साक्ष ज्याला त्या इंद्रियाने जाणवली त्याने. म्हणजे कायद्याने डोळ्याइतकेच नाकालाही साक्षीदार मानले आहे. आणि साक्ष देण्याचा अधिकार तेथे असणाऱ्याचा आहे, कार्यालयात बसून अहवाल लिहिणाऱ्याचा नव्हे.

१९८० चा रतलाम नगरपालिकेचा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. उघड्या गटारांनी आणि दुर्गंधीने त्रासलेल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दाद मागितली. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयात ही सबब फेटाळली. झोपडीवासीयांना दोष देऊन ते थांबले नाहीत. त्यांच्यासाठी शौचालये बांधा, पाणी द्या, असे आदेश झाले. ते कलम आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ क्रमांकाने आहे. किनाऱ्याबाबत २०११ आणि २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनांनुसार मच्छीमारांच्या वस्त्या, त्यांच्या सामायिक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा नकाशांवर दाखवल्या पाहिजेत. आणि २०२४ मध्ये रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघणारा हक्क मानला आहे.

कायदा आहे, नोंद नाही. म्हणून सुचवतो. प्रत्येक वस्तीने एक वही घालावी. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, वारा कुठला, पाणी कुठल्या खुणेपर्यंत आले, वास कसला, गाड्यांचा आवाज कधी, मुले वर्गात किती वेळ थांबतात, हे साध्या शब्दांत लिहावे आणि लिहिणाऱ्याने सही करावी. आजीने सांगावे, नातीने लिहावे. शाळेतील मुलांकडून वस्तीचा नकाशा काढून घ्यावा. त्यात ती काय दाखवतात आणि काय गाळतात, दोन्ही पाहावे. 'सवय झाली' म्हणून जे दिसेनासे झाले, ते बाहेरून आलेल्या मित्राला विचारावे. असा कागद हाती असेल तर जनसुनावणीत आपण गर्दी नसतो, साक्षीदार असतो.

पाचूबंदरपासून सोपारा फार दूर नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उजेडात आणला. पाली उदान ग्रंथात बाहिय नावाच्या माणसाची कथा आहे. समुद्रातून वाचून तो सुप्पारकाला, म्हणजे याच सोपाऱ्याला लागला. लोक त्याला अर्हत समजू लागले आणि त्यालाही तसे वाटू लागले. शेवटी तो तथागतांना शोधत गेला. तथागतांनी त्याला जे सांगितले त्याचा आशय असा की, जे पाहिलेस त्यात पाहिलेलेच असू दे, ऐकलेस त्यात ऐकलेलेच. त्यावर आपल्या मनाची भर घालू नकोस. किती साधे आणि किती कठीण! बोंबलाच्या वासात बोंबलाचाच वास घ्यायचा, त्यात जात मिसळायची नाही. गटाराच्या दुर्गंधीत गटारच ओळखायचे, त्याला नशीब म्हणायचे नाही.

त्या रविवारी निघताना आजींनी वर्तमानपत्रात गुंडाळून सुके बोंबील दिले. लोकलमध्ये ती पुडी मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या गृहस्थाने नाकाला रुमाल लावला. या वेळी मी शरमलो नाही. मी त्याला म्हणालो, "पाचूबंदरचे आहेत. चांगले सुकलेत."

जयभीम!